मावशींची पर्ची

आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा आपल्या लोकसभा मतदारसंघाच्या इतिहासावर लेख हवा होता, आणि तो मीच लिहावा असं ठरलं. का, तर मी तीस वर्षं शाळेत शिकवते आणि त्यातली निम्मी वर्षं बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम करते. मीही मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. मग दोन महिने कागद पुढे घेऊन बसले आणि एक ओळ लिहिली नाही. चिटणीस दर दोन दिवसांनी फोन करतात. त्यांना काय सांगू, की ज्या बाईकडे हा इतिहास जपून ठेवलेला होता तिचंच नाव मी कापून बसले?

तसा लेख सोपा आहे. आधी कागदाच्या मतपत्रिका, मग मशीन, मग मशीनशेजारी चिठ्ठी दाखवणारी ती काचेची पेटी. महालातली, म्हणजे राजघराण्यातली, माणसं कधी या पक्षात, कधी त्या पक्षात, आणि लश्कर भागातली मराठी घरं त्यांच्या मागे जाणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं. आमचे पूर्वज दख्खनहून फौजेबरोबर आले. फौज गेली, चाकरी गेली, पण मत मागायला येणारा अजूनही ओसरीवर हात जोडून ‘आप तो अपने ही हैं’ म्हणतो. एका वर्षी लढत अशी रंगली की दिल्लीचे पत्रकार नया बाजारच्या लॉजमध्ये मुक्काम ठोकून होते, आणि माझे वडील त्यांना गल्ल्या दाखवत हिंडले, गिरणीत ठेवलेलं दळण विसरून. आई तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पुढे उमेदवार बदलले, महालाचं वजन पूर्वीसारखं राहिलं नाही. हे कोणीही लिहील.

माझ्या लहानपणी दौलतगंजच्या आमच्या गल्लीत मतदान म्हणजे बायकांचा सण असायचा. हळदीकुंकवाला निघाव्यात तशा सगळ्या जणी मिळून निघायच्या. कोणाला मत द्यायचं ते पुरुषांनी ठरवलेलं, त्यामुळे बायकांना डोक्याला ताप नव्हता, नुसती हौस. सगळ्यांच्या पुढे असायच्या समोरच्या घरातल्या मावशी. जांभळी रेशमी साडी, अंबाड्यावर फूल, हातात पर्ची. पर्ची म्हणजे मतदाराचं नाव आणि यादीतला नंबर लिहिलेला तो कागदाचा कपटा. शाळेबाहेर पक्षांची टेबलं लागायची आणि तिथे तो लिहून मिळायचा. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी ही बाई त्या दिवशी पदर खोचून रांगेत पहिली उभी राहायची. आम्ही पोरी हसायचो. आमच्यात त्यांना ‘लोकसभा मावशी’ म्हणत. हे नाव मीच ठेवलं होतं, तेही आता सांगून टाकते.

त्या घरात काका, काकू, त्यांची मुलं आणि या मावशी. काका सरकारी कचेरीत होते, बदली होऊन इकडे आले होते. मावशी म्हणजे काकूंची थोरली बहीण, वरच्या खोलीत राहणारी. नवऱ्यानं टाकलेली, म्हणून धाकट्या बहिणीच्या आश्रयाला आली, असं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. स्वयंपाक त्याच करायच्या, काकूंची मुलंही त्यांनीच वाढवली. आमच्या आया हळहळायच्या आणि त्या न पाहिलेल्या नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायच्या. माझी आईसुद्धा मोडायची, ओसरीवर बसून, आणि समोरच्या ओसरीवर काका पेपर वाचत असायचे.

लग्न होऊन मी जयेंद्रगंजला गेले. यादीचं कामही इतकी वर्षं तिकडचंच केलं. गेल्या लोकसभेच्या आधी मात्र आमच्या गल्लीची बीएलओ निवृत्त झाली आणि तो भाग मला मिळाला. मी खूश झाले. माझं माहेर, माझी माणसं! दुसऱ्या कोणाला दार वाजवून विचारावं लागेल, मला इथल्या प्रत्येक घराची कुंडली पाठ आहे, असं मी शाळेत सगळ्यांना ऐकवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे पोरांना मी दरवर्षी शिकवते, पण स्वतःला कोण शिकवणार.

हिवाळ्यात यादीची दुरुस्ती निघाली. वरून एक तक्ता आला होता, दुबार नावांचा संशय असलेला. एकाच माणसाचं नाव दोनदा असेल तर एक कापायचं. त्यात काकांच्या घराच्या दोन ओळी होत्या. दोन बायका, नावं वेगळी, पतीचं नाव एकच, वयात दोन वर्षांचं अंतर. फोटो दोन्ही काळपट, पण चेहरा तोच. एक नाव काकूंचं, मला माहीत असलेलं. दुसरं मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.

सुपरवायझर इथलाच, हिंदी बोलणारा, तरुण. त्याला ते कोडं पडलं. मी हसून त्याला समजावलं की आमच्या लोकांत लग्नाच्या वेळी ताम्हणात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहितात, माहेरचं नाव माहेरीच राहतं. कुठल्या तरी जुन्या यादीत काकूंचं माहेरचं नाव शिरलं असणार, दुसऱ्यात सासरचं. बाई एकच. तो म्हणाला, ‘मैडम, ये तो आप ही पकड़ सकती थीं।’ पुढच्या बैठकीत त्यानं हे सगळ्यांना सांगितलं आणि बाकीच्या शिक्षिकांनी माझ्याकडे पाहिलं. मला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आठवलं की आता कानशिलं तापतात.

नियम असा की घरी जाऊन माणूस समोर बघायचा. मी गेले. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि काकू तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या, कोणाला ओळखत नव्हत्या. त्यांचं माहेरचं नाव काय, ते मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, मला नाही ठाऊक, वर मावशींना विचारा ना. एक जिना होता. माझे गुडघे दुखत होते, अजून चाळीस घरं बाकी होती, आणि उत्तर तर मला ठाऊकच होतं. मी म्हटलं, राहू दे. काकूंचा मुलगा स्कूटर काढत होता. नोटिशीचा कागद मी सीटवर ठेवला, त्यानं न वाचता सही केली. ‘ताई, तुम्ही केलंय म्हणजे ठीकच असणार,’ असं म्हणाला आणि गेला.

लक्षात घ्या, मावशींना दर निवडणुकीत मत देताना मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग त्यांचं नाव यादीत कुठे आहे, हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला नको? नाही आला. त्यांना नाव आहे हेच मुळी माझ्या ध्यानात नव्हतं. पन्नास वर्षं मी त्यांच्या हातचे लाडू खाल्ले आणि त्यांचं नाव कधी विचारलं नाही.

निवडणूक उन्हाळ्यात होती. आता पर्च्या सरकारी असतात आणि त्या घरोघर वाटायचं काम आमचं. मी त्या घरी पाच पर्च्या दिल्या. सुनेनं त्या चाळल्या आणि विचारलं, मावशींची कुठाय? त्या सकाळपासून दोनदा विचारून गेल्यात.

मी यादी उघडली. मुलगा, सून, दोन नातवंडं, काकू. एवढंच.  काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं, पण कळलं नाही असं मी स्वतःला जिना चढेपर्यंत सांगत राहिले. तो जिना मी त्या दिवशी चढले.

मावशी खिडकीशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, मावशी, तुमचं कार्ड बघू. त्यांनी देव्हाऱ्याखालून पोथी काढली, तिच्या पानांतून फोटोचं कार्ड काढून दिलं. त्यावर ते नाव होतं, मी न ऐकलेलं. त्याखाली पतीचं नाव, काकांचं. मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःहून सांगायला लागल्या, भाजीचा भाव सांगावा इतक्या शांतपणे.

काकांचं पहिलं लग्न त्यांच्याशी झालेलं. सात वर्षं मूल नाही, म्हणून त्यांच्याच पाठची बहीण आणली. घरातल्या घरात, चार माणसांत. दोन बायका आहेत हे कचेरीत कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून बदली होऊन इथे आले तेव्हा मुलांची आई ती बायको झाली आणि या झाल्या मेहुणी. नोकरीच्या कागदांवर, रेशनकार्डावर, पुढे आधारवर, सगळीकडे मेहुणी नाहीतर मावशी. फक्त एकदा, इथे आल्या आल्याच, यादी लिहिणारा माणूस दारावर आला. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यानं नाव विचारलं, यांनी सांगितलं. पतीचं नाव विचारलं. यांनी जन्मात ते तोंडातून काढलेलं नव्हतं. यांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. त्यानं पाटी वाचली आणि लिहून घेतलं.

पहिल्या मतदानाला केंद्रावरच्या बाबूनं मोठ्यानं वाचलं, अमकी, पत्नी अमक्याची. काका शेजारच्या पुरुषांच्या रांगेत होते. त्यांनी मान वळवून पाहिलं. घरी येऊन काही बोलले नाहीत. त्यांना ते नाव काढून टाकता आलं असतं, एक अर्ज दिला की झालं. त्यांनी काढलं नाही. ‘तेवढं एक त्यांनी राहू दिलं बघ,’ मावशी म्हणाल्या. त्यांना त्याचं कौतुक वाटत होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

पोथीच्या पानापानांत पर्च्या होत्या, एवढ्या सगळ्या वर्षांच्या. पिवळ्या पडलेल्या, शाईनं लिहिलेल्या, मग छापील, मग कम्प्युटरच्या. कुठल्या वर्षी कोण उभं होतं, कोण पडलं, महाल कोणत्या बाजूला होता, ते त्या पर्चीवरच्या निशाणीवरून सांगत होत्या. मी विचारलं, मत कोणाला द्यायच्या? त्या हसल्या. ज्या टेबलावरचा पोरगा पतीचं नाव पूर्ण लिहून देईल त्याला. काही जण नुसता नंबर लिहायचे, त्यांना कशाला द्यायचं? आमच्या सगळ्या गल्लीला जे महालाचे मतदार म्हणून मोजत आले, त्यांनी हे ऐकायला हवं होतं.

मग त्या म्हणाल्या, ‘यंदाची कुठाय?’

आणि मी काय सांगितलं? मी सांगितलं की कम्प्युटरनं काही नावं उडवली आहेत, वरूनच गडबड झाली आहे, पुष्कळांचं झालंय असं. शब्दाशब्दाला मी स्वतःला सांगत होते की यात खोटं फारसं नाही, तक्ता वरूनच आला होता. नवीन नाव घालायची मुदत संपली होती, एवढंच त्यात खरं. त्या म्हणाल्या, बरं. आणि पुन्हा निवडायला लागल्या.

मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या फाटकात यादी घेऊन बसले होते. मी शिकवते तीच ही शाळा, लहानपणी बायकांची रांग लागायची तीच. साडेसातला मावशी आल्या. एकट्या, जांभळी साडी, अंबाड्यावर मोगरा. त्या येणार नाहीत असं मी धरून चालले होते. ‘एकदा आत विचारून बघते, आतल्या यादीत असेल,’ म्हणाल्या. मी अडवू शकले असते. मी मान खाली घालून दुसऱ्याची पर्ची शोधायला लागले.

आत काय झालं ते दारातून दिसत होतं. बाबूनं बोटानं यादी वरून खाली पाहिली. मग खालून वर. ‘अम्माजी, आपका नाम नहीं है।’ त्यांनी कार्ड पुढे केलं. तो म्हणाला की कार्ड असून उपयोग नाही, नाव यादीत लागतं. मागच्या बायका चुळबुळ करायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, वय झालंय, दुसऱ्याच केंद्रावर आल्या असतील. मावशी तरीही टेबलापाशी उभ्या होत्या. बाबूनं निदान काहीतरी वाचावं म्हणून त्या थांबल्या होत्या, हे त्या सगळ्यांत एकटीला मला कळत होतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. पण बघा, तेव्हासुद्धा मी खरं बोलले नाही. काकूंची पर्ची सुनेनं मला परत केली होती, त्या येऊ शकणार नव्हत्या. मी ती हळूच मावशींच्या हातात सरकवली. चेहरा सारखाच आहे, कोण बघतंय, यावर जाऊन या, असं कुजबुजले. पंधरा वर्षं पोरांना प्रामाणिक मतदानाची शपथ देणारी बाई मी.

मावशींनी पर्ची डोळ्यांजवळ नेऊन वाचली. बहिणीचं नाव, आणि खाली काकांचं.

‘सगळा जन्म हिच्या नावामागे राहिले,’ त्या म्हणाल्या. ‘आता मतसुद्धा हिच्याच नावानं देऊ होय?’

पर्ची त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर माझं पेन ठेवलं, आणि उन्हातून घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत मी लोकांना नंबर सांगत होते. त्या दिवशी मतदान चांगलं झालं म्हणून आमच्या केंद्राचं कौतुकही झालं.

निकाल लागला, फटाके वाजले, शाळा सुरू झाली. मी तीन आठवडे त्या गल्लीत गेले नाही. चोराच्या मनात चांदणं, आईच्या घरी जायचं तरी मागच्या गल्लीनं जायचे. शेवटी लाज असह्य झाली म्हणून गेले, नव्यानं नाव घालायचा फॉर्म घेऊन. जिना चढले आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. मावशी, कम्प्युटरनं नाही, मी कापलं. तुम्ही आणि काकू एकच आहात असं मला वाटलं. वर येऊन विचारायला हवं होतं, आले नाही.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की कापायच्या आधी नाव वाचलं होतंस का. मी म्हटलं, वाचलं होतं. मोठ्यानं? नाही, मनातल्या मनात. त्यावर त्यांनी मान हलवली.

मी फॉर्म भरायला घेतला. त्यांचं नाव लिहिलं, पहिल्यांदाच माझ्या हातानं. मग नातेवाइकाच्या नावाचा रकाना आला. मी घाईघाईनं सांगत सुटले की पतीचं नाव पुन्हा लागेल, जुनं कार्ड आहे, पर्च्या आहेत, वरचे लोक पुरावा मागतील कारण आधारवर भाच्याचं नाव आहे, पण मी स्वतः साहेबांकडे जाईन, मुलाकडून लिहून घेईन, भांडेन.

‘त्या पोराला काय म्हणून सांगशील?’ त्यांनी विचारलं. ‘त्याच्या आईआधी मी होते म्हणून?’

 खाली काकूंचं कण्हणं ऐकू येत होतं आणि सून त्यांना हिंदीत समजावत होती. मावशींनी चष्मा काढून पदरानं पुसला.

‘वडिलांचं नाव लिही,’ त्या म्हणाल्या. ‘ते तरी आम्हां दोघींचे सारखेच होते.’

मी पेन उचललं. म्हटलं, मावशी, विचार करा. त्या म्हणाल्या, लिही. मी लिहिलं. वडिलांच्या नावाला कोणी पुरावा मागितला नाही. नाव एका महिन्यात आलं.

घरी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘अच्छा ही हुआ ना आई, त्या माणसाच्या नावातून सुटली बिचारी.’ मी तिच्यावर ओरडले. सुटायचं की नाही ते मावशींनी ठरवायचं होतं, साठ वर्षांत कधीही, आणि त्यांनी ठरवलं नव्हतं. मी ते त्यांच्याकडून ठरवून घेतलं, गुडघे दुखत होते म्हणून.

नवं कार्ड घेऊन मीच गेले. त्यांनी ते खिडकीपाशी धरून वाचलं, माझे आभार मानले, हातावर लाडू ठेवला. पोथी देव्हाऱ्याखाली होती, हात लांबवला की पोचेल अशी. त्यांनी कार्ड त्यात ठेवलं नाही. विजेच्या बिलांच्या खिळ्याला जी पिशवी टांगलेली होती, तिच्यात टाकलं.